कामठी ते टोकियो : अंतर किती आणि वेळ किती?

१९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून कामठीत ड्रॅगन पॅलेस टेम्पल उभे राहिले आणि जपान हा देश आपल्या गावाच्या एकदम जवळ आला. त्याआधीही या भागाला जपान परके नव्हते. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई हे मूळचे जपानचे. १९६० च्या दशकात ते नागपुरात आले आणि इथलेच झाले. आज कामठीच्या रस्त्यावर जपानी पाहुणे दिसले तर कोणाला नवल वाटत नाही. परंतु "जपान इथून किती लांब आहे?" असा साधा प्रश्न विचारला, तर चार जणांकडून चार उत्तरे येतात.

कोणी सांगतो, सहा हजार किलोमीटर. कोणी सांगतो, आठ तास. कोणी सांगतो, पूर्ण एक दिवस लागतो. आणि ज्याने नुसते तिकीट पाहिले आहे तो सांगतो की जायला अकरा तास लागतात आणि यायला साडेपाच! विशेष म्हणजे ही चारही उत्तरे आपापल्या परीने बरोबर आहेत. फक्त प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. अंतर ही एक गोष्ट, विमानाला लागणारा वेळ ही दुसरी, घड्याळात दिसणारा वेळ ही तिसरी आणि माणसाला घरून निघून मुक्कामी पोहोचायला लागणारा वेळ ही चौथी. या चार गोष्टी वेगवेगळ्या कशा आहेत आणि त्या ओळखता आल्या नाहीत तर काय होते, हे विद्यार्थी मित्रांना व सभासद बंधू-भगिनींना समजावून सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आम्ही व्यवसायाने बँकेतले कारकून; विज्ञानाचे विद्यार्थी नव्हे. म्हणून दहावीच्या पुढचे गणित या लेखात नाही.

सरळ अंतर कसे काढावे?

पृथ्वीचा पूर्ण घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. वर्तुळाचे अंश ३६०. भागाकार केला की एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर येतात. हा १११ चा आकडा पाठ करून ठेवावा. पुढचे सारे त्यावर चालते.

नागपूरचे सोनेगाव विमानतळ, म्हणजेच आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, सुमारे २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे. टोकियोचे नरिता विमानतळ सुमारे ३५.८ अंश उत्तर आणि १४०.४ अंश पूर्व. म्हणजे टोकियो आपल्यापेक्षा १४.७ अंश उत्तरेला आणि साधारण ६१.३ अंश पूर्वेला आहे.

उत्तरेकडचा हिशेब सोपा. १४.७ गुणिले १११, म्हणजे सुमारे १,६३० किलोमीटर. पूर्वेकडच्या हिशेबात मात्र एक मेख आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात. विषुववृत्तावर दोन रेखांशांमधले अंतर १११ किलोमीटर असते. नागपूरच्या अक्षांशावर ते सुमारे १०४ भरते आणि टोकियोच्या अक्षांशावर फक्त ९० उरते. मधला आकडा सुमारे ९८ धरू. ६१.३ गुणिले ९८, म्हणजे जवळपास ६,००० किलोमीटर.

आता शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत आठवा. एक बाजू ६,००० आणि दुसरी १,६३०. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की कर्ण सुमारे ६,२०० येतो. पृथ्वीचा गोलपणा धरून काटेकोर गणित केले, तर सरळ अंतर सुमारे ६,१०० किलोमीटर भरते. म्हणजे वही-पेन घेऊन पाच मिनिटांत केलेला आपला हिशेब शंभरात दोनपेक्षाही कमी चुकला. ही पद्धत जगातल्या सगळ्याच ठिकाणांना इतकी चांगली लागू पडत नाही. ठिकाणे फार उत्तरेकडे किंवा फार दूर असली की चूक वाढते. तरी आशियातल्या आशियात ती पुष्कळ उपयोगी आहे.

हे शंभर किलोमीटर कुठे गेले?

सपाट कागदावर आपण जी रेषा सरळ म्हणून काढतो, ती गोल पृथ्वीवर सर्वांत जवळची नसते. याची खात्री करायची असेल तर शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक नागपूरवर आणि दुसरे टोकियोवर धरून तो ताणा. दोरा आपोआप नकाशातल्या रेषेच्या थोडा उत्तरेकडे सरकतो. तोच सर्वांत जवळचा रस्ता. पृथ्वीगोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेचौदा सेंटिमीटरच्या जरा आत भरेल. गुणाकार करून पाहा. पुन्हा ६,१०० च्या आसपास येईल.

हा दोरा कोणत्या प्रदेशांवरून जातो तेही पाहण्यासारखे आहे. नागपूरहून निघून तो छत्तीसगड व झारखंडवरून उत्तर बंगालकडे जातो. पुढे भूतानचा पूर्व भाग, अरुणाचल, तिबेटचे पूर्वेकडचे डोंगर, मग चीनचा सेचुआन प्रांत लागतो. नंतर पिवळा समुद्र, दक्षिण कोरिया आणि शेवटी जपान. या रस्त्याचा बरोबर मध्य सेचुआन आणि शेन्सी प्रांतांच्या सीमेजवळ पडतो. तिथून तीनशे किलोमीटरच्या आत शिआन शहर आहे. त्याचेच जुने नाव चांगआन. इसवी सन ६२९ मध्ये युआन श्वांग याच चांगआनहून भारताकडे निघाले आणि ६४५ मध्ये ग्रंथ घेऊन परतले. जाणे, येणे आणि इथला अभ्यास मिळून सोळा वर्षे. आज आपण सहा-सात तासांच्या गोष्टी करतो, तेव्हा ही सोळा वर्षे लक्षात असलेली बरी.

विमान सरळ का जात नाही?

अंतर ६,१०० किलोमीटर आहे म्हणून प्रवासी ६,१०० किलोमीटरच जातो असे नाही. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे जमीन. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. विमानातला हवेचा दाब काही बिघाडाने कमी झाला, तर वैमानिकाला विमान ताबडतोब सुमारे तीन हजार मीटर उंचीवर आणावे लागते. तिथे माणसाला नुसत्या हवेवर श्वास घेता येतो. डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोडीच मिनिटे पुरतो. पण खाली साडेचार हजार मीटरची जमीन असेल तर तीन हजारांवर उतरायचे कुठे? म्हणून प्रवासी विमाने हे पठार शक्यतो टाळतात. दिल्लीहून टोकियोला जाणारी विमाने साधारणतः हिमालयाच्या दक्षिणेने पूर्वेकडे येतात आणि ब्रह्मदेश ओलांडून चीनच्या युन्नान प्रांतात शिरतात. त्यामुळे रस्ता काहीसा लांबतो.

दुसरे कारण माणसाने केलेले आहे. नागपूरहून टोकियोला थेट विमान नाही. आधी मोठ्या शहरात जावे लागते. दिल्लीमार्गे गेल्यास नागपूर-दिल्ली सुमारे ८५५ आणि दिल्ली-टोकियो सुमारे ५,९००, असे मिळून ६,७५० किलोमीटर होतात. मुंबईमार्गे गेल्यास ६८५ आणि ६,८००, म्हणजे जवळपास ७,५०० किलोमीटर. कारण मुंबईला जाणे म्हणजे टोकियोकडे पाठ करून चालणे. अलीकडच्या काळात नागपूरहून आखातातील दोहा येथे थेट विमाने गेली. स्वस्त तिकीट मिळते म्हणून कोणी त्या मार्गे टोकियोला जायचे ठरवले, तर आधी पश्चिमेला सुमारे २,८५० आणि मग पूर्वेला सुमारे ८,३०० किलोमीटर जावे लागेल. बेरीज ११,००० च्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या पावणेदोन पटीहून जास्त. लंडनला किंवा न्यूयॉर्कला जाणाऱ्याला हाच दोहाचा मार्ग वाटेवर पडतो. म्हणून "अमुक मार्ग चांगला" असे सरसकट कधी म्हणू नये. कोणत्या दिशेला जायचे आहे ते आधी पाहावे.

इथे नागपूरकरांना एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून विमाने निघत, मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परत जात. नागपूरच का? तर सोनेगावपासून मुंबई सुमारे ६८५, दिल्ली ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर. चारही शहरे हजाराच्या आत. अंतराच्या हिशेबाने नागपूर साऱ्या देशाच्या मध्यावर आहे; तरी आज परदेशी जाणाऱ्या नागपूरकराला बहुधा दुसऱ्या शहराच्या दारावरून जावे लागते. नकाशावरचे मध्यस्थान आणि विमानांच्या वेळापत्रकातले स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाऱ्याचे देणे-घेणे

आता वेळेकडे वळू. मोठे प्रवासी विमान शांत हवेत ताशी ८५० ते ९०० किलोमीटर जाते. पण एवढ्या उंचीवर हवा शांत नसते. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक जोरदार वारा आहे. हिवाळ्यात जपानच्या आकाशात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो.

या वाऱ्याचा शोध जपानशीच जोडलेला आहे. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या वाऱ्यांची मोजणी केली. आपले काम साऱ्या जगाने वाचावे म्हणून १९२६ साली त्यांनी अहवाल लिहिला तो एस्पेरांतो या नव्याने बनवलेल्या जागतिक भाषेत. परिणाम उलटाच झाला. ती भाषा जाणणारे थोडे, त्यामुळे अहवालाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणाऱ्या वैमानिकांना हा वारा प्रत्यक्ष भेटला, तेव्हा जगाला त्याचे महत्त्व कळले. ज्ञान असून भागत नाही, ते लोकांच्या भाषेत पोहोचावे लागते, हा धडाही यातून घेता येतो.

या वाऱ्याचा प्रवासावर परिणाम काय होतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा दिल्ली ते टोकियो प्रत्यक्ष रस्ता ६,३०० किलोमीटर पडला. विमानाचा वेग ताशी ८६० आणि वारा सरासरी ताशी ८० धरला. जाताना वारा पाठीमागून असतो, म्हणून वेग ९४०. वेळ लागेल ६ तास ४२ मिनिटे. येताना वारा समोरून, म्हणून वेग ७८०. वेळ ८ तास ५ मिनिटे. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, चढणे, उतरणे यांची पाऊण-पाऊण तासाहून थोडी अधिक भर घातली, की जाताना साडेसात तास आणि येताना नऊ तास होतात. वेळापत्रकातही साधारण असेच आकडे दिसतात.

कोणी म्हणेल, जाताना मिळाले ते येताना गेले, फिटंफाट झाली. तसे होत नाही. वारा नसता तर दोन्ही वेळच्या आकाशातल्या प्रवासाला १४ तास ३९ मिनिटे लागली असती. वारा असताना १४ तास ४७ मिनिटे लागली. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर वारा जाताना कर्ज देतो आणि येताना आठ मिनिटांच्या व्याजासकट वसूल करतो.

घड्याळाची गंमत

लेखाच्या सुरुवातीला "जायला अकरा तास, यायला साडेपाच" असे उत्तर आले होते. हे कसे, ते आता पाहू.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, जपानची १३५ अंशांवरून. फरक ५२.५ अंश. त्याला १५ ने भागले की साडेतीन येतात. म्हणून जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊ झालेले असतात.

समजा विमान दिल्लीहून रात्री आठला निघाले. साडेसात तासांनी, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे साडेतीनला, ते टोकियोला उतरेल. पण तिथल्या घड्याळात सकाळचे सात वाजलेले असतील. तिकिटावर छापलेले असते : निघणे २०.००, पोहोचणे ०७.००. वरवर पाहणारा म्हणतो, अकरा तास. परत येताना टोकियोहून सकाळी अकराला निघालेले विमान नऊ तासांनी उतरते. तिथल्या घड्याळात तेव्हा रात्रीचे आठ, पण दिल्लीत दुपारचे साडेचार. तिकिटावर दिसतात साडेपाच तास.

तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते, हा नियम ज्याला ठाऊक नाही त्याचा सगळा हिशेब चुकतो. खरी गंमत अशी की अकरा अधिक साडेपाच म्हणजे साडेसोळा आणि साडेसात अधिक नऊ म्हणजेही साडेसोळा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली पाहिजे. जाताना घड्याळाने घेतलेले साडेतीन तास ते येताना परत करते. वाऱ्यासारखे ते व्याज लावत नाही.

यात आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जपानी पाहुणे कामठीला आले आणि आपण स्वागत समारंभ रात्री आठला ठेवला, तर त्यांच्या शरीराच्या घड्याळात तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. वर आपली भाषणे! पाहुणे हसतमुखाने बसतात, हा त्यांचा शिष्टाचार. पहिल्या दिवशीचा कार्यक्रम सायंकाळी लवकर आटोपता घेणे हा आपला शिष्टाचार असला पाहिजे.

घरून मुक्कामापर्यंत

आता शेवटचा आणि खऱ्या उपयोगाचा हिशेब. कामठीचा माणूस टोकियो शहरात पोहोचायला किती वेळ लागतो? कामठी ते सोनेगाव अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. मोटारीने किंवा ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाऊन पुढे मेट्रोने, सव्वा तास धरू. विमानतळावर दोन तास आधी हजर राहावे. नागपूर-दिल्ली प्रवास पावणेदोन तास. दिल्लीत विमान बदलायला चार तास. दिल्ली-टोकियो साडेसात तास. नरिताला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी व सामान घेणे यांत सव्वा तास. नरिता शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटर दूर आहे. तिथून आगगाडीने मुक्कामी पोहोचायला आणखी सव्वा तास.

बेरीज केली तर १९ तास होतात. सकाळी अकराला कामठी सोडली तर मुक्कामी पोहोचेपर्यंत आपल्या घड्याळात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे सहा आणि तिथल्या घड्याळात सकाळचे साडेनऊ वाजतात. या १९ तासांपैकी विमानात जातात सव्वानऊ तास. उरलेले पावणेदहा तास जमिनीवरच जातात. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ हा जमिनीवरच्या ये-जा करण्याचा, वाट पाहण्याचा आणि रांगेत उभे राहण्याचा आहे. विमान ताशी ९०० किलोमीटर जाते. प्रवासी मात्र सारे मिळून ताशी ३६० च्या वेगाने जातो.

यावरून एक निष्कर्ष निघतो. प्रवास लवकर व्हावा असे वाटत असेल तर वेगवान विमान शोधून उपयोग नाही. जमिनीवरचे तास नीट आखले पाहिजेत. आणि नेमके त्या तासांतच आपल्या लोकांचे नुकसान होते.

नुकसान कुठे होते?

आमच्या माहितीतील एका विद्यार्थ्याला परदेशात उच्च शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. घरची परिस्थिती बेताची. आईचे दागिने गहाण पडले आणि वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून तिकिटाला हातभार लावला. काही हजार रुपये वाचतात म्हणून नागपूर-दिल्ली एक आणि पुढचे दुसरे, अशी दोन वेगळी तिकिटे काढली गेली. मध्ये अडीच तास ठेवले. नकाशात पाहता अडीच तास पुष्कळ वाटतात. परंतु दिवस जानेवारीचे होते. दिल्लीच्या धुक्यामुळे पहिले विमान उशिरा उतरले आणि दुसरे निघून गेले. दोन्ही तिकिटे वेगळी असल्यामुळे दुसऱ्या विमान कंपनीवर कसलीच जबाबदारी नव्हती. तिकिटाचे पैसे बुडाले. नव्या तिकिटासाठी पुन्हा वस्तीपुढे हात पसरावा लागला. मुलगा हुशार होता. पण अंतर आणि वेळ यांतला फरक त्याला कोणी सांगितला नव्हता.

आज आपल्या समाजातील मुले-मुली केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर आणि महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर बाहेरच्या देशांत शिकायला जात आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्यासाठी आणि धम्मयात्रेला जाणाऱ्या ज्येष्ठ मंडळींसाठी काही सूचना लिहून ठेवतो.

१. घरापासून शेवटच्या मुक्कामापर्यंतचा सारा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असावा. मग पहिले विमान उशिरा पोहोचल्याने दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी साधारणपणे कंपनीवर येते. दोन-चार हजारांच्या बचतीपेक्षा हे मोलाचे.

२. दोन वेगळी तिकिटे घेणे भागच असेल तर मध्ये किमान सहा-सात तास ठेवावेत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जायचे असल्यास आदल्या दिवशीच दिल्ली गाठावी. एका रात्रीचा मुक्काम बुडालेल्या तिकिटापेक्षा नेहमी स्वस्त पडतो.

३. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दोनदा वाचावी. "१५ तारीख, ००.३०" असे लिहिले असेल तर १४ तारखेच्या रात्री विमानतळावर हजर राहायचे असते. १५ च्या रात्री गेल्यास विमान एक दिवस आधीच निघून गेलेले असते.

४. प्रवासाचा खरा वेळ काढताना दोन्ही वेळा आधी भारतीय घड्याळात लिहून घ्याव्यात आणि मगच वजाबाकी करावी.

५. सामान शेवटच्या विमानतळापर्यंत परस्पर जाणार आहे की मध्ये आपल्याला उतरवून घ्यायचे आहे, हे सामान देतानाच विचारावे. सामानाच्या चिठ्ठीवर कोणत्या गावाचे नाव आहे ते पाहावे. विचारण्यात कमीपणा नाही.

६. वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलायचे असेल तर त्या देशाचा व्हिसा लागतो काय, याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करावी.

७. शिष्यवृत्तीत विमानभाडे मिळत असेल तर कोणत्या वर्गाचे, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या पावत्यांवर मिळते, हे शासनाच्या पत्रकात वाचून मगच तिकीट काढावे.

अंतराची पद्धत एकदा समजली की ती टोकियोपुरती राहत नाही. बँकॉक, कोलंबो, काठमांडू, गया, कोणतेही ठिकाण घ्या. अक्षांश-रेखांश शाळेच्या नकाशासंग्रहात असतात. १११ चा आकडा आपल्याजवळ आहे. उदाहरणार्थ, नागपूर ते गया हे सरळ अंतर सुमारे ७३० किलोमीटर आहे. विद्यार्थ्यांनी ते वहीवर काढून पाहावे आणि आपले उत्तर किती जवळ येते ते पडताळावे. गयेचे विमानतळ सुमारे २४.७ अंश उत्तर आणि ८५ अंश पूर्व येथे आहे. या सुट्टीत वाचनालयात बसून एवढे एक उदाहरण सोडवले तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले ते बोटीने. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी ते दिल्लीहून नागपूरला आले ते विमानाने. एका आयुष्यात प्रवासाची साधने इतकी बदलली. साधने यापुढेही बदलतील. कदाचित एखाद्या दिवशी सोनेगावहून थेट टोकियोचे विमान सुटेल आणि १९ तासांचे सुमारे तेरा होतील. परंतु हिशेब करण्याची गरज तेव्हाही राहील. आपल्या मागच्या पिढीतल्या कामठीच्या विडी कामगारांना विड्यांच्या मोजणीत आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांच्या हिशेबात किती सोसावे लागले, हे घरोघरी ठाऊक आहे. ज्याला स्वतः मोजता येते त्याला दुसऱ्याच्या मोजणीवर विसंबावे लागत नाही. विड्या असोत, व्याज असो, की कामठी ते टोकियो हे अंतर असो, आपला हिशेब आपण करावा आणि तो करायला घरातल्या मुलांना, विशेषतः मुलींना, शिकवावे.